ब्रिता हो म्हणाली होती

मित्रांनो, पाठीवर चिकटपट्टी आणि पोटात दोन सेल घेऊन जगणारा, उत्तर स्वीडनमधल्या क्रामफोर्स गावच्या हिल्लेवीच्या घरातला जुना रिमोट तो मी. माझी सगळी बटणे अजून शाबूत आहेत. फक्त चित्र मागे नेणाऱ्या बटणावरचे बाण पार पुसून गेले आहेत आणि त्याचा मला भारी अभिमान आहे. ते कसे पुसले गेले हे सांगायला मी इतका उतावीळ झालो आहे की जन्माची हकीगत झटपट आटोपतो.

एका मोठ्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर मी जन्मलो. एका बाईने माझ्या अंगात बटणांची रबरी चादर बसवली, दुसरीने नाकाच्या शेंड्यावर एक डोळा बसवला. त्या डोळ्याचा उजेड माणसांना दिसत नाही, पण डिस्क चालवणाऱ्या यंत्राला तो बरोबर कळतो. त्या यंत्राच्या शेजारी, थर्माकोलच्या कुशीत झोपून मी जहाजाने स्वीडनला आलो आणि एका दुकानाच्या फळीवर जाऊन बसलो. तिथून मला हिल्लेवीने उचलले. आमच्याकडे शेजाऱ्याला, डॉक्टरला, शाळेच्या मुख्याध्यापिकेलाही एकेरीच हाक मारतात, म्हणून मीही तिला नुसती हिल्लेवी म्हणतो. राग मानू नका.

हिल्लेवी शाळेची बस चालवते. एका हिवाळ्यात ती गावातल्या लोकांना घेऊन सुंड्सवाल शहरात एक संगीत नाटक दाखवायला गेली होती. नाटकाचे नाव 'ओंडक्यांची नदी'. त्या दिवशी थंडी अशी कडाक्याची, की इंजिन बंद केले असते तर ते पुन्हा सुरू झालेच नसते. त्यामुळे सगळे लोक आत नाटक बघत बसले आणि ही बिचारी बसमध्ये इंजिनाची राखण करत बसली. शेवटी एकदा कुणाला तरी गाडीपाशी उभे करून ती पळत आत गेली. तिला दाराच्या फटीतून शेवटच्या गाण्याच्या दोन ओळी तेवढ्या ऐकू आल्या. परत येताना अख्खी बस ती गाणी गात होती आणि गाडी चालवणारीलाच ती येत नव्हती! पुढे त्या नाटकाचे चित्रीकरण होऊन त्याची डिस्क निघाली. हिल्लेवीने आधी डिस्क घेतली, मग ती लावायला यंत्र घेतले, आणि यंत्राबरोबर मी आलो. म्हणजे बघा, एका नाटकापायी माझे नशीब उजळले.

ती पहिली संध्याकाळ मी कशी विसरेन! हिल्लेवीचा अंगठा घामेजला होता. पडद्यावर नदी आली. खरी नव्हे, रंगमंचावरची. लाकडाची भलीमोठी पिंपे गोल फिरत होती आणि नाचणारे गडी एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत होते. हिल्लेवी हसली, रडली, सोफ्यावरून उठून उभी राहिली. संपल्यावर तिने डोळे पुसले आणि मागे नेणारे बटण दाबले. तेव्हापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले.

गोष्ट साधीच आहे. पूर्वी आमच्या नदीतून कापलेल्या झाडांचे ओंडके वाहत यायचे. त्यांच्यावर उभे राहून लांब आकड्याने त्यांना वाटेला लावणारे गडी असायचे. त्यांच्या तळावर ब्रिता नावाची स्वयंपाकीण असते आणि दक्षिणेकडून मत्स नावाचा नवा गडी येतो. नदीच्या वळणावर ओंडक्यांचा प्रचंड गुंता होतो. तो सोडवायला कुणीतरी जिवावर उदार होऊन जायला हवे, आणि मत्स पुढे होतो. जाण्याआधी तो ब्रिताला विचारतो, "मी परत आलो, तर इथेच राहू का?" वाद्ये थांबतात. मग मत्स जातो, गुंता फुटतो आणि पडदा पडतो. तो परत आला की नाही, ते नाटक सांगत नाही.

हिल्लेवीचा सगळा जीव नटांवर. गिरणीच्या मालकाचे काम करणारा तो आडदांड माणूस उकडलेला बटाटा सोलता सोलता खर्जात गातो, तिथे ती मला हटकून थांबवायची. "बघ! सालीची एक धांदोटी तुटली नाही आणि एक सूर हलला नाही!" हे ती कुणाला सांगायची? घरात मीच होतो. मी माझ्या परीने मान डोलवायचो.

मग मागच्या शरद ऋतूत खालच्या मजल्यावर फोल्के राहायला आला. फोल्के म्हणजे दक्षिणेकडच्या स्कोने भागातला निवृत्त बेकरीवाला. बायको गेल्यावर तो मुलीच्या सोबतीसाठी इकडे उत्तरेत आला. आणि गंमत बघा, तो सामान लावतो न लावतो तोच मुलीला दक्षिणेत चांगली नोकरी लागली आणि ती तिकडे गेली. हा आपला बर्फात एकटाच. एका शुक्रवारी तो वेलचीचे गोड पाव घेऊन वर आला, दारात बूट काढून लोकरी मोज्यांनी आत आला, आणि पडद्यावर ब्रिता कणीक मळताना बघून जागच्या जागी थबकला.

"पीठ खोटं आहे," तो म्हणाला. "पण हात खरे आहेत. कुणाकडे तरी शिकलीय ही."

झाले! हिल्लेवीला जन्मभराचा सोबती सापडल्यासारखे झाले. त्यानंतर दर शुक्रवारी इथल्या घरोघरच्यासारखे आमच्याकडेही टॅको, म्हणजे मसालेदार सारण भरलेल्या मक्याच्या पोळ्या, व्हायचे, आणि त्यांच्या जोडीला 'ओंडक्यांची नदी'. मी दोघांच्या मध्ये, सोफ्यावर. मित्रांनो, मला उकळ्या फुटायच्या!

पण फोल्केचा जीव दिग्दर्शनावर. चित्रीकरणाच्या वेळी दिग्दर्शिकेने एक कॅमेरा रंगमंचाच्या फळ्यांखाली ठेवला होता. त्यातून वर बघितले की गड्यांचे तळवे आणि फिरणारी पिंपे दिसायची.

"बघ, बघ, आपण पाण्याखाली आहोत!" फोल्के ओरडायचा. "बुडणाऱ्याला नदी अशी दिसते! काय डोकं आहे बाईचं!"

"अरे, डोकं डोकं काय करतोस? त्या पिंपावर उड्या मारणाऱ्यांचे गुडघे बघ! पोरं पडली असती म्हणजे?"

"उड्या कुणी बसवल्या? दिग्दर्शिकेनं."

"आणि मारल्या कुणी? तिनं?"

असे चालायचे. कोण जिंकले ते मला कधीच कळले नाही, कारण भांडण रंगात आले की दोघेही टॅकोवर तुटून पडायचे.

सगळ्यात मोठा तंटा मात्र त्या प्रश्नावरून. मत्स विचारतो, वाद्ये थांबतात आणि कॅमेरा ब्रिताला सोडून मत्सच्या चेहऱ्यावर जातो. नेमका त्याच क्षणी फोल्के उसळायचा. "आता बघ, आता बघ! उत्तर देणारीला दाखवतच नाही! ती गप्प. नुसता प्रश्न तेवढा हवेत लोंबकळत ठेवला. वा, दिग्दर्शिका असावी तर अशी!"

"गप्प कुठे? ती हो म्हणाली," हिल्लेवी म्हणायची.

"कुठे म्हणाली? एक शब्द नाही."

"तुला ऐकू येत नाही का?"

"तुला मनातलं ऐकू येतं, हिल्लेवी. मला फक्त पडद्यावरचं येतं."

मित्रांनो, आमच्या उत्तरेकडे 'हो' म्हणायला तोंड उघडावेच लागते असे नाही. ओठ गोल करायचे आणि चटकन थोडासा श्वास आत ओढायचा, 'श्शुप्'. झाले 'हो'. लहानथोर सगळे असेच म्हणतात. ब्रिताचे काम करणारी नटी आमच्याच बाजूची. तिने त्या शांततेत तेवढेच केले होते. पण तो श्वास येतो नेमका फोल्के बोलत असताना! दिग्दर्शिकेचे कौतुक करता करता हा दर शुक्रवारी ब्रिताचे उत्तर आपल्या आवाजाखाली बुडवून टाकायचा. आणि ते 'हो' कुणाला कळत नसेल हे हिल्लेवीच्या स्वप्नातही येत नव्हते.

वसंत जवळ आला तेव्हाची गोष्ट. गुरुवार होता, म्हणून आमच्या रिवाजाप्रमाणे वाटाण्याचे सूप होते. मी टेबलावर मिठाच्या भांड्याशेजारी पडलो होतो. फोल्केचे सूप निवत चालले होते, तरी तो चमचा नुसता फिरवत होता.

"लिनेआचा फोन होता," तो म्हणाला. लिनेआ म्हणजे त्याची मुलगी. "तिकडे ये म्हणतेय. तिच्या शेजारची जागा रिकामी झालीय."

"बरं," हिल्लेवी म्हणाली. तिचा हात मात्र कॉफीच्या किटलीवर तसाच राहिला.

फोल्केने चमचा खाली ठेवला. कानापर्यंत लाल होऊन, थोडेसे हसत, त्या मत्सच्याच चालीवर त्याने विचारले, "हिल्लेवी... मी इथेच राहू का? म्हणजे... तुझ्याकडे?"

माझ्या पोटातले सेलसुद्धा थरारले! हिल्लेवीने त्याच्याकडे बघितले. तिचे ओठ गोल झाले. श्शुप्. आणि तिने हसून त्याच्या कपात कॉफी ओतली. तिच्या दृष्टीने लग्नाच्या बोलण्यांपेक्षाही पक्के काम झाले होते.

फोल्के वाट बघत राहिला. कॉफी भरली, साखर आली. शब्द काही येईना. त्याच्या कानांवरचा लाल रंग हळूहळू उतरला.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "सहज विचारलं."

"बरं," ती खुशीत म्हणाली.

मी ओरडायचे बाकी ठेवले नाही हो! डोळ्यातून शक्य तेवढा उजेड फेकला. पण मी बोलतो ते फक्त यंत्राला कळते. फोल्केने दारात खूप वेळ बुटांचे बंद बांधले आणि तो गेला. इकडे हिल्लेवी भांडी घासताना ब्रिताचे गाणे शीळ घालून म्हणत होती.

शुक्रवारी तो आला नाही. घसा धरला आहे, असा निरोप आला. पुढच्या शुक्रवारीही तो आला नाही. "निरवानिरव करत असेल," असे स्वतःशीच म्हणत हिल्लेवी कपाटात काहीबाही आवरत राहिली. नाटक एकटीने लावायचे तिने सोडून दिले. मी सोफ्याच्या फटीत घसरलो, तो तसाच राहिलो. तिथे पावाचा चुरा होता, केसांची एक पिन होती आणि काळोख होता. कुणी आपल्याला विसरले की कसे वाटते, ते मला तिथे कळले.

त्या फटीतूनच मी पुढचे ऐकले. वरच्या मजल्यावरची म्हातारी आस्ता कॉफीला आली होती.

"फोल्के चाललाय, कळलं ना?" आस्ता म्हणाली. "खोकी बांधून झाली. शनिवारची गाडी आहे."

"कुठे?" हिल्लेवीचा आवाज एकदम बारीक झाला.

"मुलीकडे. कायमचा."

"पण मला त्यानं विचारलं होतं! राहू का म्हणून! मी हो म्हटलं त्याला!"

"मग?"

"मग काय? हो म्हटल्यावर पळून जातोय! थट्टा करत होता माझी. जाऊ दे. मी नाही कुणाच्या मागे धावणार."

आस्ताने कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "उशीर झालेल्या पोरांसाठी बस थांबवतेस ना रोज? मग या थोराड पोरासाठी थांबवली तर काय बिघडलं?"

मग सोफा हलला. हिल्लेवीने फोन लावला होता. "फोल्के, उद्या शुक्रवार आहे. जायच्या आधी एकदा बघून जा. टॅको करते." एवढे बोलून तिने फोन ठेवला, आणि तिचा हात सोफ्याच्या फटीत शिरून मला चाचपू लागला. मी सापडलो! तिने माझ्या अंगावरचा चुरा झटकला.

शुक्रवारी फोल्के आला, पण सोफ्याच्या अगदी टोकाला बसला. उठायला सोपे पडावे म्हणून कोट मांडीवरच ठेवलेला. हिल्लेवीने मला उचलून नाटक सुरू केले. फळ्यांखालून नदी दिसली, फोल्के गप्प. गिरणीमालकाने बटाटा सोलला, हिल्लेवी गप्प. ब्रिताने कणीक मळली, तरी कुणी चकार शब्द काढला नाही. एवढे सुंदर नाटक मी इतके सुतकी कधी पाहिले नव्हते. मला वाटत होते, कुणीतरी भांडा रे!

आणि तो प्रश्न आला. "मी परत आलो, तर इथेच राहू का?"

वाद्ये थांबली. कॅमेरा मत्सवर गेला. फोल्के काही बोलला नाही. हिल्लेवीही नाही. त्या खोलीत पहिल्यांदाच त्या ठिकाणी पूर्ण शांतता होती.

श्शुप्.

फोल्केने मान वर केली. "हे काय होतं?"

"काय?"

"आत्ता. कुणीतरी श्वास घेतला."

"ब्रितानं."

"मागे घे."

हिल्लेवीने बटण दाबले. झिजून गुळगुळीत झालेले माझे ते बटण ऐन वेळी अडले! पडद्यावर मत्स चालू लागला होता.

"मागे घे ना!"

"दाबतेय की!"

तिने मला तळहातावर दोनदा आपटले. मित्रांनो, आपटलेले कुणाला आवडते? पण त्या दिवशी मी म्हटले, आपट बाई, हवे तेवढे आपट! सगळा जीव डोळ्यात आणून मी यंत्राला हाक दिली आणि यंत्राने ती ऐकली. चित्र मागे धावले. प्रश्न. शांतता. श्शुप्.

"दचकली का ती?" फोल्के कुजबुजला.

"दचकेल कशाला? हो म्हणाली. शरद ऋतूपासून सांगतेय तुला!"

"हे 'हो' आहे?"

"मग काय आहे?"

"असं कोण म्हणतं?"

"सगळे! मी म्हणते, आस्ता म्हणते, दुकानातली ती गल्ल्यावरची पोरगी म्हणते..."

फोल्केचे तोंड उघडेच राहिले. "मला वाटायचं, थंडीनं तुम्हा सगळ्यांच्या छात्या धरल्यात! मी त्या पोरीला खोकल्याच्या गोळ्या देणार होतो!"

हिल्लेवी खो खो हसत सुटली. हसता हसता मध्येच थांबली. फोल्केही थांबला. दोघांनाही एकाच वेळी वाटाण्याचे सूप आठवले होते.

"हिल्लेवी," तो अगदी हळू म्हणाला, "त्या गुरुवारी, कॉफी ओतताना... तू..."

तिने नुसते ओठ गोल केले. श्शुप्.

"मग शब्दात का नाही सांगितलंस?"

"शब्दातच सांगितलं होतं!"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "कपाटाचं उजवं दार उघड," ती नाक पुसत म्हणाली. "उघड ना!"

त्याने दार उघडले. उजवीकडचे सगळे कप्पे रिकामे, पुसून त्यात नवा कागद अंथरलेला. दांडीला नुसत्याच हँगरची रांग. फोल्के दाराला धरून उभा राहिला.

"हे माझ्यासाठी?"

"नाही, आस्तासाठी! ठोंब्या!"

मग तो परत आला आणि टोकाला न बसता थेट माझ्याशेजारी बसला. "अजून एकदा मागे घे," तो म्हणाला. या वेळी त्याने श्वास ऐकला आणि मत्सकडेही बघितले. मत्सचा चेहरा हळूच उजळत होता. फोल्के ताडकन उठला. "अगं, हा हसतोय! याला ऐकू गेलं, दक्षिणेकडचा असून! आणि म्हणूनच दिग्दर्शिकेनं ब्रिताला दाखवलं नाही! उत्तर बघायचं नव्हतंच, ऐकायचं होतं! काय बाई आहे! काय नटी आहे! आणि मी काय गाढव आहे!"

"हे शेवटचं मला मान्य आहे," हिल्लेवी म्हणाली.

त्याने तिथल्या तिथे मुलीला फोन लावला. फोनचा आवाज एवढा मोठा होता की पलीकडचे बोलणेही मला ऐकू येत होते.

"लिनेआ, मी उद्या येत नाहीये. इथेच राहतोय. हिल्लेवीकडे."

"काय? बाबा, खरंच? नक्की ना? आनंदात आहेस ना?"

फोल्केने छाती फुगवली, ओठ गोल केले आणि होती नव्हती ती ताकद लावून श्वास आत ओढला. त्याबरोबर तोंडातला टॅकोचा तुकडा थेट घशात गेला. त्याला असा ठसका लागला की सोफ्यावर टाकलेला कोट खाली पडला.

"बाबा! काय झालं? धाप लागलीये का? बाबा!"

हिल्लेवीने एका हाताने त्याच्या पाठीत धपाटे घातले आणि दुसऱ्या हाताने फोन घेतला. "लिनेआ, घाबरू नकोस," ती हसत, रडत ओरडली. "हो म्हणतोय तो! हो!"

मित्रांनो, आता मी थकलो आहे. कुणी सांगावे, उद्या नवा रिमोट येईल आणि मी खणात जाईन. मला वापरा, झिजवा, माझी तक्रार नाही; फक्त माझे सेल वेळेवर बदला आणि मला सोफ्याच्या फटीत विसरू नका. आणि आपले माणूस तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत असेल तेव्हा क्षणभर गप्प बसा. तरीही ऐकू आले नाही, तर त्याला पुन्हा विचारा. मला मागे जायला बटण लागते. तुम्हाला तर तेही लागत नाही.